वाटूर फाट्याचं फ्रेंच गाणं

मला फ्रेंच येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण वाटूरला अजूनही अशी म्हातारी माणसं आहेत जी शपथेवर सांगतील की अण्णांची शुभांगी फाडफाड फ्रेंच बोलायची. मी फ्रेंच कधीच बोलले नाही. परीक्षेत मार्कांपुरतं लिहिलं आणि आयुष्यात एकच गाणं गायलं, तेही आम्हीच रचलेलं. त्या एका गाण्यानं माझ्या डोक्याला जो ताप झाला, तो पन्नाशीकडे झुकल्यावरही आठवला की माझी चिडचिड सुरू होते. मुलगा म्हणतो, आई, विसर ना आता. विसरायला मी काय बस चुकवली होती? उलट बसमध्ये बसले, तेच तर दुखणं आहे.

आमचं घर फाट्यावर, दुकानाच्या मागे. पुढे अण्णांचं कृषी सेवा केंद्र, मध्ये पोत्यांची खोली, आणि मग आम्ही. अण्णा बी-बियाणं, औषधं विकायचे, आणि पाठीवरचे फवारणी पंप दुरुस्त करायचे. पंप दुरुस्त झाला की त्यात पाणी भरून दांडा मारून बघावा लागतो, त्यामुळे दिवसभर घरात खट्-फुस्स, खट्-फुस्स चाललेलं असायचं. त्यात फाट्यावरचे हॉर्न. फाटा दिसला की हॉर्न दाबायचाच, अशी प्रत्येक ड्रायव्हरनं जणू शपथ घेतलेली. दुकानातून औषधांचा उग्र दर्प आत यायचा आणि स्वयंपाकघरातून आईच्या येसराचा वास त्याला आडवा जायचा. धान्य, डाळी आणि मसाला भाजून दळलेलं हे पीठ आमटीला लावलं की आमच्याकडे दुसरं काही लागत नाही. दोन्ही वासांची गाठ पोत्यांच्या खोलीत पडायची, आणि माझं अभ्यासाचं टेबल नेमकं तिथंच होतं.

अण्णांना सगळे डॉक्टर म्हणायचे. शेतकरी पिशवीतून कपाशीचं पान काढून काउंटरवर ठेवायचा. "डॉक्टर, बघा बरं ह्याला काय झालं." अण्णा ते पान उजेडाकडे धरायचे, उलटं करायचे, चष्मा वर सरकवायचे आणि गंभीर होऊन सांगायचे, "मावा है. घाबरू नका. येळेवर आणलं तुम्ही." पानाला नव्हे, त्या माणसालाच धीर द्यायचे. अण्णांना खरंच डॉक्टर व्हायचं होतं, पण आजोबा लवकर गेले आणि शिक्षण तिथंच थांबलं. मग ते सगळं माझ्या वाट्याला आलं. मी एकुलती. मी दहावीला असतानाच गिऱ्हाइकं मला छोटी डॉक्टरीण म्हणायला लागली होती. एका आजोबांनी तर दुकानात मला जीभ काढून दाखवली आणि विचारलं, "काय दिसतंय, बाई?" मला जीभ दिसत होती, दुसरं काही दिसत नव्हतं. त्यात रक्ताचा थेंब बघितला की माझे हातपाय गार पडायचे. पण अण्णा बाजूला उभे राहून असे हसत होते की मी म्हणाले, "ऊन बाधलंय."

अण्णा कडक असते तर बरं झालं असतं. कडक बापाशी भांडता येतं. अण्णांनी जन्मात माझ्यावर हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. असल्या माणसाला "मला डॉक्टर व्हायचं नाही" हे तोंडावर सांगायचं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगावर पाणी ओतण्यासारखं. मी रोज ठरवायची आणि रोज येसराची आमटी ओरपून झोपी जायची.

अकरावीला मला जालन्याला ठेवलं, मुलींच्या वसतिगृहात. तिथं सायन्सच्या निम्म्या पोरींनी मराठी सोडून फ्रेंच घेतलेलं, कारण मराठीत कितीही लिहा, सर हात आखडता घेतात. फ्रेंचमध्ये पाठ केलं की मार्क पैकीच्या पैकी. आमचे फ्रेंचचे सर स्वतः मोठे साधे गृहस्थ. पहिल्याच दिवशी म्हणाले, "अर्थाच्या मागं लागू नका. अर्थाला मार्क नाहीत." वर्षभर आम्ही घोकत राहिलो: स्टेशन कुठे आहे, स्टेशन डावीकडे आहे, मावशीची छत्री टेबलावर आहे. सगळं पुस्तक संपलं तरी त्या मावशीनं ती छत्री काही उचलली नाही.

माझ्या खोलीत दोघी होत्या. प्रज्ञाचे वडील शाळेत मास्तर, मोठा भाऊ औरंगाबादला शिकायला. घरात पुस्तकं आणि गाणी दोन्हींची चैन. जयंतीच्या मिरवणुकीत तिचा काका बँजो पार्टीत कॅसिओ वाजवायचा आणि त्याचा जुना कॅसिओ प्रज्ञाकडे आला होता. त्याच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या. दुसरी नसीम. तिच्या अब्बांचं पत्र्याच्या पेट्या बनवायचं दुकान. ठोकठोक ऐकतच ती वाढलेली, त्यामुळे तिचे हात स्वस्थ बसत नसत. जेवणाचं ताट, खिडकीचा गज, माझं डोकं, काहीही वाजवायची.

प्रज्ञाच्या भावानं एकदा एक सीडी आणली. वर ना गाण्याचं नाव ना बँडचं. कुणाच्या तरी कॉम्प्युटरवरून उतरवलेली. आम्ही प्रज्ञाच्या घरी ती लावली. आधी दार आपटल्याचा आवाज आला. मग लहान पोरांचा खेळण्यातला पियानो. मग एक बाई गायला लागली, गायला म्हणजे कुजबुजायला, आणि ती फ्रेंच होती. आम्ही वर्षभर जी भाषा घोकत होतो ती कुणीतरी बोलतं, हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. मध्येच गाणं थांबलं. आम्हाला वाटलं सीडी अडकली. नसीम उठून खोक्यावर चापट मारणार, तेवढ्यात ते पुन्हा सुरू झालं, दुसऱ्याच चालीत. त्यात स्टेशन हा शब्द आला तेव्हा आम्ही तिघी ओरडलो.

"ये क्या गाना है गे," नसीम म्हणाली. "ना मुखडा, ना अंतरा. मेरेकू भी आता ऐसा."

"मंग करू की," प्रज्ञा म्हणाली.

आणि आम्ही केलं. बँडचं नाव ठेवलं 'वाटूर फाटा', कारण सगळे आवाज मी घरून आणले. सुट्टीत गेले तेव्हा एक जुना फवारणी पंप उचलून आणला; अण्णांना सांगितलं, प्रॅक्टिकलला लागतो. खट्-फुस्स हा आमचा ठेका. नसीमनं अब्बांकडून पत्र्याचा तुकडा आणला, तो हलवला की ढग गडगडायचे. रिकाम्या डब्यात सरकीचे दाणे टाकून खुळखुळा केला. प्रज्ञाच्या कॅसिओच्या मुक्या पट्ट्याही तिनं चालीत घेतल्या. तिथं बोट पडायचं, आवाज नाही. ती म्हणायची, तेही वाजवणंच आहे. मला ते तेव्हा भारी वाटायचं. आता वाटतं, माझं सगळं तरुणपण त्याच पट्टीवर वाजलं.

शब्द माझे. त्या दिवाळीला अण्णांनी जेवताना सहज सांगितलं होतं, "औंदा मेडिकलला लागली तर लागली. न्हाई तर लातूरला एक वर्ष बसवू. रिपीटर बॅच असती तिथं. खोलीचं मी बोलून आल्तो, गावातलेच लोक हैत." आईनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी ती आमटीत बुडवून खाल्ली. वसतिगृहात परत आले आणि पाठ्यपुस्तकातलीच वाक्यं जोडून लिहून काढलं: स्टेशन कुठे आहे? स्टेशन डावीकडे आहे. मी जाणार नाही. मावशीची छत्री टेबलावर आहे. मी जाणार नाही. डॉक्टर माझ्या वडिलांना व्हायचं आहे. माझे वडील जातील. मी जाणार नाही. फ्रेंचमध्ये 'मी जाणार नाही' म्हणजे 'ज निरे पा'. निदान आम्ही तसं म्हणायचो. आणि डॉक्टरला ते लोक 'मेदसँ' म्हणतात, म्हणून तो शब्द कुणाच्या कानाला लागला नाही.

हिशोब माझा असा होता: एकदा का होईना, अण्णांच्या तोंडावर सांगायचं. त्यांना कळणारही नाही, म्हणजे त्यांना दुखणार नाही. माझ्या मनातलं निघून जाईल. केवढी हुशार मी! कुणाला कळू नये म्हणून फ्रेंचमध्ये लिहिलं आणि मग कुणाला कळत नाही म्हणून आयुष्यभर चडफडत बसले.

गॅदरिंगला अण्णा-आई आले, दुसऱ्या रांगेत बसले. आमच्या आधी लावणी झाली होती, पोरं शिट्ट्या मारून तापलेली. आम्ही पंप घेऊन चढलो तेव्हा मागून आवाज आला, "फवारा, फवारा!" मी अण्णांकडे बघून गायले. प्रत्येक 'ज निरे पा' त्यांच्याकडे बघून. मग ठरल्याप्रमाणे गाणं मध्येच थांबलं. आम्ही तिघी स्तब्ध. आणि त्या शांततेत मंडपवाला धावत स्टेजवर आला, माइकवर टिचकी मारून म्हणाला, "हॅलो, हॅलो, चेक. चालू है, ताई, म्हणा." सगळा मंडप हसला. प्रज्ञा रडायच्या बेतात आली. मी दात-ओठ खात पुढचं कडवं म्हटलं. संपलं तेव्हा फक्त एक माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता. डोळ्यांत पाणी. अण्णा.

तिथून माझे भोग सुरू झाले. परीक्षा देऊन मी घरी आले आणि अण्णांनी त्या गाण्याचं पाहुण्यांचं गाणं करून टाकलं. परतूरचे मामा आले, म्हणून दाखव. जांबला दर्शनाला जाताना कुणी फाट्यावर उतरलं, म्हणून दाखव. खताच्या कंपनीचा माणूस आला, त्यालाही. आई चहा आणि सुशीला आणून ठेवायची. फोडणी घातलेल्या मुरमुऱ्यांना आमच्याकडे हे असं बाईमाणसाचं नाव आहे. पाहुण्यांनी पहिला घास घेतला की अण्णा म्हणायचे, "शुभे, ते तुझं फ्रान्सचं होऊन जाऊ दे."

"इंग्लिश है का?" मामांनी विचारलं.

"इंग्लिश कोण बी म्हणतंय. फ्रेंच है, फ्रेंच!"

मी भिंतीला टेकून उभी राहायची आणि म्हणायची. अण्णा स्वतः पंपाचा दांडा मारून ठेका धरायचे. बापाच्या हातचा ठेका आणि त्यावर लेकीचं नाही. कधी मी ओरडून म्हटलं, कधी दातांतून. एकदा तर इतक्या रागानं म्हटलं की माझी मावशी पदर डोळ्याला लावून म्हणाली, "काय आर्त है गं. देवाचं है का?" अण्णा म्हणाले, "तसंच काहीतरी." हळूहळू त्यांना धृपद पाठ झालं. मी "ज निरे" म्हटलं की तेच मोठ्यांदा "पा!" म्हणायचे, आणि पाहुणे मान डोलवायचे. माणसानं नाही तरी किती वेळा सांगावं? आणि सांगितल्याबद्दल शाबासकी मिळाली तर त्यानं पुढं करावं काय?

तुम्ही म्हणाल, मग मराठीत सांगायचं. अहो, तेच तर. आज मला प्रत्येक संध्याकाळ दिसते जिथं सांगता आलं असतं. तेव्हा दिसायची ती अण्णांची मान, ठेक्यावर हलणारी.

निकाल लागला. फ्रेंचमध्ये मी कॉलेजात पहिली. जीवशास्त्रात जे व्हायचं तेच झालं, मेडिकल हुकलं. मेमो, म्हणजे गुणपत्रिका, आणायला अण्णा एकटेच जालन्याला गेले. संध्याकाळी परत आले ते घरात न येता दुकानातच बसले. मला हाक मारली. गिऱ्हाईक नव्हतं, पाहुणे नव्हते.

"ते गाणं म्हण बरं एकदा," ते म्हणाले.

"आत्ता? कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

माझं डोकं फिरलं. मार्क बुडालेल्या पोरीला कुणी गाणं म्हणायला लावतं का? मी म्हटलं, सपाट, चाल न लावता, भाडं मोजल्यासारखं. अण्णांनी त्या दिवशी दांडा मारला नाही. मधल्या शांततेत फाट्यावरून एक ट्रक गेला. गाणं संपल्यावर ते पंपाच्या नळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आवाज बसलाय थोडा. अडुळसा घे रात्री." मी पाय आपटत आत गेले. ती संध्याकाळ मी अण्णांवरच्या रागाच्या खात्यात जमा केली आणि तशीच ठेवली.

आठवड्यानं लातूरची गाडी. आईनं धपाटे बांधले, येसराचा डबा दिला, डब्याला फडकं गुंडाळलं. फाट्यावर गाडी थांबली, अण्णांनी पेटी वर चढवली. नसीमच्या अब्बांनी बनवलेली पेटी ती. मी खिडकीशी बसले. अण्णा खाली उभे.

"काही राह्यलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. अण्णा खिडकीच्या गजाला धरून दोन पावलं चालले.

"शुभे, काही राह्यलं का?"

"न्हाई म्हणलं ना!" मी खेकसले. माझ्या मांडीवर येसराचा डबा होता आणि तो मी असा धरला होता जणू तोच मला लातूरला नेतोय.

लातूरबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एका खोलीत सहा जणी, भिंतीवर सूत्रं, डाळीत पाणी. वर्ष गेलं, मेडिकल पुन्हा हुकलं, मी औषधनिर्माणशास्त्राला गेले, पुण्यात नोकरीला लागले. गोळ्या तपासते. वाईट काही नाही. 'वाटूर फाटा' तिथंच संपला. नसीमचं लग्न झालं, प्रज्ञा शिक्षिका झाली. परवा फोनवर म्हणाली, तो कॅसिओ अजून आहे, आता पाच पट्ट्या मुक्या आहेत. लातूर मात्र माझ्या मनातून गेलं नाही. त्या वर्षात माझ्यातलं काहीतरी बोलायचं बंद झालं, आणि त्याबद्दल मी अण्णांना कधी माफ केलं नाही, कधी तसं सांगितलंही नाही.

आई गेल्यापासून अण्णा एकटे. दुकान भाड्यानं दिलंय, पण मागच्या खोलीत बसून ते अजून लोकांची पानं बघतात. गुडघे गेलेत. यंदा मी ठरवूनच गेले की त्यांना पुण्याला आणायचं. पुण्यात लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, सगळं समजावून सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी बॅग भरली: धोतरं, स्वेटर, चष्म्याचं घर. गाडी दारात उभी. अण्णा खाटेवर बसून माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी खाटेच्या माचव्यावर बोटांनी ठेका धरला. खट्-फुस्सचा.

"ज निरे पा," ते म्हणाले.

मला आधी हसू आलं. मग अंगावर काटा आला. "अण्णा, त्याचा अर्थ माहीत आहे का तुम्हाला?"

"म्हंजे काय! म्हणून तर म्हणून राह्यलो."

"कधीपासून माहीत आहे?"

"तुझा मेमो आणायला गेल्तो ना, तवा त्या फ्रेंचच्या सरांना इचारलं. म्हणलं, पोरगी लई छान गाती, अर्थ तरी सांगा. त्यांनी गॅदरिंगला ऐकल्तं. समदा सांगितला. बापाचं बी सांगितलं."

मी बॅगेचा बंद हातात धरून उभीच राहिले. इतकी वर्षं मी ज्या माणसावर चिडले होते, तो हा नव्हताच. याला सगळं ठाऊक होतं. मग जो राग आला तो जुन्याहून मोठा होता. "मग मला पाठवलंत कशाला? सगळं कळल्यावर?"

"मी फाट्यावर इचारलं तुला. काही राह्यलं का? दोनदा इचारलं. तू न्हाई म्हणलीस." अण्णा खाली बघत होते. "मंग मला वाटलं, गाणं है ते. गाण्यात काय, माणूस काय बी म्हणतंय."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. फाट्यावरचे हॉर्न काही बदललेले नाहीत. मी खाटेच्या कडेला बसले. रडले नाही, संतापच इतका होता की रडू यायला जागाच नव्हती: त्यांचा, माझा, त्या अर्थाला मार्क नाहीत म्हणणाऱ्या सरांचा.

"मराठीत सांगा, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी माचव्यावरचा हात काढून घेतला. "न्हाई यायचं मला पुण्याला. हितंच ऱ्हायचंय."

मी बॅग उघडली. धोतरं परत दांडीवर टाकली, स्वेटर खुंटीला लावला, चष्म्याचं घर उशाशी ठेवलं. ड्रायव्हरला जायला सांगितलं. परत आले तर अण्णांचा चेहरा खुलला होता, पाहुणे आल्यावर खुलायचा तसा.

"शुभे," ते म्हणाले, "आता म्हण बरं ते एकदा."

"न्हाई म्हणणार."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली. "बरं," ते म्हणाले. "न्हाई तर न्हाई."